हरलेल्या पानांचा सिनेमा

ओइचो-काबू नावाचा एक जुना जपानी जुगार आहे. आपल्या तीनपत्तीशी त्याचं लांबचं नातं लावता येईल, पण हिशेब निराळा. हातातल्या पानांची बेरीज करायची, दहा-वीस सोडून द्यायचे आणि वर उरेल तो आकडा खरा मानायचा. नऊ उरले तर उत्तम. आठ, नऊ आणि तीन अशी पानं आली तर बेरीज वीस, म्हणजे हाती शून्य. या खेळाच्या भाषेत आठ म्हणजे ‘या’, नऊ म्हणजे ‘कु’ आणि तीन म्हणजे ‘सा’. ही अक्षरं एकत्र आली आणि बोलता बोलता त्यांचा ‘याकुझा’ झाला. जपानमधल्या संघटित गुंडांचं जगभर पसरलेलं हे नाव मुळात एका हरलेल्या डावाचं नाव आहे. (जाता जाता सांगतो, व्हिडिओ गेममुळे घराघरांत पोचलेली निंतेंदो ही कंपनी १८८९ साली क्योतो शहरात सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठीच.)

या मंडळींवर जपानने शेकडो सिनेमे काढले. एक काळ असा होता की दर पंधरवड्याला नवा सिनेमा यायचा, थिएटर भरायचं, पंधरवडा संपला की तो जायचा आणि त्याच धाटणीचा दुसरा यायचा. ते टिकावेत म्हणून कुणी काढले नव्हते. आणि आज त्याच सिनेमांची पोस्टरं काचेआड लावली जातात, त्यांच्या डिस्कच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या जातात आणि त्या संपल्या की माणसं हळहळतात. टाकून देण्यासाठी बनवलेली वस्तू कुणी आणि का जपून ठेवली, हा मला यातला खरा प्रश्न वाटतो.

त्यासाठी १९५८ सालापासून सुरुवात करू. त्या वर्षी जपानमध्ये सिनेमाची ११२ कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. इतकी त्याआधी कधी गेली नव्हती आणि नंतरही कधी गेली नाहीत. मग घरात टेलिव्हिजन आला. १९६३ पर्यंत हा आकडा निम्म्याहून खाली, ५१ कोटींवर आला होता. बायका-मुलं, म्हातारी माणसं घरीच पडद्यासमोर बसू लागली. थिएटरात उरले ते तरुण पुरुष: खेड्यातून शहरात आलेले कामगार, ट्रकचालक, दुकानातले नोकर, विद्यार्थी. तोएई ही कंपनी तोवर सामुराईंच्या तलवारबाजीवर पोट भरत होती. १९६३ मध्ये तिने ‘जिन्सेई गेकिजो: हिशाकाकु’ हा सिनेमा आणला. नायक सामुराई नव्हता, जुगाऱ्यांच्या टोळीतला माणूस होता. त्या भूमिकेत कोजी त्सुरुता होते, सोबत केन ताकाकुरा. सिनेमा चालला आणि कंपनीला दिशा मिळाली. पुढची नऊ-दहा वर्षं क्योतोतल्या उझुमासा इथल्या तोएईच्या स्टुडिओतून अशा सिनेमांची रांग लागली. जपानीत त्यांना ‘निंक्यो’ सिनेमे म्हणतात. दुबळ्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावणारा दिलदार मर्द, असा काहीसा त्या शब्दाचा भाव आहे.

गोष्ट जवळजवळ ठरलेली. काळ साधारण १९००-१९३५ च्या दरम्यानचा. एक जुनी टोळी असते, तिचा म्हातारा प्रमुख शब्दाला जागणारा असतो. समोर नवी टोळी येते. तिचा प्रमुख बऱ्याचदा पाश्चात्त्य सूट घालतो, पुढाऱ्यांशी आणि ठेकेदारांशी त्याचं साटंलोटं असतं. नायक तुरुंगातून सुटून येतो. तो अपमान गिळतो, साथीदारांना आवरतो, तासभर गिळतच राहतो. म्हातारा प्रमुख मारला जातो. मग एका रात्री, बहुधा पावसात किंवा बर्फात, नायक कमरेला शस्त्र खोचून निघतो. वाटेत एक जण न बोलावता त्याच्या बरोबरीने चालू लागतो. गाणं सुरू होतं. किमोनो खांद्यावरून उतरतो, पाठीवरचं गोंदण दिसतं आणि पुढची दहा मिनिटं रक्तपात. शेवटी नायक मरतो, नाहीतर पुन्हा तुरुंगात जातो. जिंकून घरी कुणी जात नाही.

‘गिरी’ आणि ‘निंजो’ या दोन शब्दांवर हा सगळा डोलारा उभा असतो. गिरी म्हणजे घेतलेल्या मिठाचं, दिलेल्या शब्दाचं ऋण. निंजो म्हणजे माणसाच्या पोटातली माया. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे या सिनेमांतलं दुःख. मायेच्या माणसावरच शस्त्र उगारावं लागतं, कारण ऋण तसं सांगतं.

मालिका किती निघाव्यात? ताकाकुराची ‘अबाशिरी बांगाइची’ ही होक्काइदोच्या अबाशिरी तुरुंगावरची मालिका १९६५ ते १९७२ या काळात १८ सिनेमांपर्यंत गेली. ‘निहोन क्योकाकु-देन’ ११, ‘शोवा झांक्यो-देन’ ९. बाईला नायिका करून काढलेली ‘हिबोतान बाकुतो’ ८ सिनेमांची. तीत जुन्को फुजी खांद्यावर लाल बोतान, म्हणजे पिओनीचं फूल गोंदवलेली जुगारी झाली होती. या जुन्को फुजीचे वडील कोजी शुंदो हेच यातल्या कितीतरी सिनेमांचे निर्माते. तरुणपणी जुगाराच्या अड्ड्यांवर वावरलेला हा माणूस होता, त्यामुळे फासे कसे टाकतात, शपथेचा साकेचा पेला कसा धरतात, नव्या प्रमुखाच्या समारंभात कोण कुठे बसतो, हे सेटवर कुणाला पुस्तकात शोधावं लागत नसे. या सिनेमांचे चाहते विधींच्या या दृश्यांवर मारामारीइतकाच जीव टाकतात. मलाही तीच दृश्यं जास्त आवडतात हे कबूल करतो.

जुन्को फुजी १९७२ मध्ये काबुकी नटाशी लग्न करून निवृत्त झाली. पुढे सुमिको फुजी या नावाने ती परत आली, पण चाहत्यांच्या मनात निंक्यो सिनेमाचा काळ तिच्या त्या निरोपाबरोबरच संपला.

हे सिनेमे केवळ कामकरी माणसांचे राहिले नाहीत. १९६८ हे जपानी विद्यापीठांतल्या उठावांचं वर्ष. दिवसभर पोलिसांशी झगडणारे विद्यार्थी शनिवारी रात्रभर चालणाऱ्या खेळांना गर्दी करत आणि नायक एकटा निघाला की पडद्याकडे बघून ओरडत. त्या वर्षी तोक्यो विद्यापीठाच्या कोमाबा महोत्सवासाठी एका विद्यार्थ्याने पोस्टर काढलं: पाठमोरा याकुझा आणि त्याच्या पाठीवर गिंको झाडाचं पान, म्हणजे त्या विद्यापीठाची खूण, गोंदलेलं. सोबत आईला उद्देशून, मला अडवू नकोस असं सांगणारा मजकूर. तो विद्यार्थी म्हणजे पुढे लेखक म्हणून नावाजलेले ओसामु हाशिमोतो. हे पोस्टर आज त्या काळाची खूण म्हणून पुस्तकांत छापलं जातं.

आणि दुसऱ्या टोकाला युकिओ मिशिमा. डाव्या विद्यार्थ्यांचा हा कट्टर वैचारिक विरोधक, पण आवड तीच. ‘बाकुचिउची: सोचो तोबाकु’ हा १९६८ चा सिनेमा पाहून त्यांनी पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला आणि त्याची तुलना थेट ग्रीक शोकांतिकेशी केली. पंधरवड्याचा माल म्हणून आलेल्या सिनेमाबद्दल देशातला एक मोठा साहित्यिक असं लिहितो, तेव्हा त्या सिनेमाचं नशीब पालटतं. नाहीतर कोसाकु यामाशिता या दिग्दर्शकाचं हे काम बाकीच्यांच्या गर्दीत हरवलं असतं.

माझ्या मते या सगळ्या ढिगातला हा सर्वांत चांगला सिनेमा, म्हणून त्याच्यापाशी थोडा थांबतो. १९३४ सालची गोष्ट. टोळीचा प्रमुख आजारी पडतो. गादी कुणाला, हा प्रश्न येतो. नाकाई, म्हणजे त्सुरुता, ती नाकारतो. मी बाहेरून आलेला, खरा हक्क माझ्या मानलेल्या भावाचा, असं त्याचं म्हणणं. पण तो भाऊ तुरुंगात आहे. टोळीतला एक ज्येष्ठ माणूस स्वतःच्या राजकारणासाठी तिसऱ्यालाच पुढे करतो. भाऊ सुटून येतो आणि भडकतो. नाकाई नियम पाळत जातो आणि प्रत्येक नियम पाळताना त्याचं एकेक माणूस जातं. बायको जीव देते. भावाला त्याच्याच हातून मरावं लागतं. शेवटी कारस्थानी ज्येष्ठापुढे तो शस्त्र घेऊन उभा राहतो, तेव्हा तो माणूस त्याला धर्माची आठवण करून देतो. नाकाई सांगतो की असला धर्म मला ठाऊक नाही, मी नुसता खुनी आहे. निंक्यो सिनेमाच्या ऐन भरात, त्याच कंपनीच्या, त्याच नटाच्या तोंडून हे येतं. पटकथा काझुओ कासाहारा यांची होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

याच सुमारास निक्कात्सु या दुसऱ्या कंपनीत निराळंच नाटक चाललं होतं. सेइजुन सुझुकी हा तिथला पगारी दिग्दर्शक. मिळेल ती पटकथा, मिळेल तो पैसा आणि थोडे दिवस, यांतून वर्षाला तीन-चार सिनेमे काढायचे. एकाच प्रकारच्या गुंडकथा करून तो कंटाळला आणि गंमत करू लागला. ‘तोक्यो नागारेमोनो’ (१९६६) मध्ये पिवळ्याधमक, जांभळ्या रंगांचे सेट. ‘कोरोशी नो राकुइन’ (१९६७) मध्ये भाडोत्री मारेकऱ्यांची क्रमवारी लागलेली, आणि तिसऱ्या क्रमांकाचा मारेकरी शिजणाऱ्या भाताच्या वासावर लुब्ध झालेला. ही भूमिका केली जो शिशिदो यांनी. भारदस्त दिसण्यासाठी शस्त्रक्रियेने गाल फुगवून घेतलेले हे नट. कंपनीचे अध्यक्ष क्युसाकु होरी यांना त्यातलं काही कळलं नाही. कळत नाहीत असे सिनेमे काढणारा माणूस नको, म्हणून १९६८ च्या एप्रिलमध्ये सुझुकींना काढून टाकलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती मालक-नोकराची गोष्ट झाली असती. पण तोक्योतल्या एका सिने-क्लबने सुझुकींच्या सिनेमांचा मोठा महोत्सव ठरवला होता. काझुको कावाकिता या तो क्लब चालवत. निक्कात्सुने प्रिंट द्यायचं नाकारलं. सिनेमे आमचे आहेत, ते दाखवायचे की नाही हे आम्ही ठरवू. कायद्याने यात चूक काढता येणार नाही. पण विद्यार्थी, चित्रपट क्लबचे सभासद, काही दिग्दर्शक रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले. भाताच्या वासावर भाळलेल्या मारेकऱ्याचा सिनेमा बघायला मिळावा म्हणून! सुझुकींनी कंपनीवर खटला भरला. तो १९७१ च्या अखेरीस तडजोडीने मिटला. कंपनीने दहा लाख येन दिले, अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. सुझुकींना मात्र १९७७ पर्यंत कुठल्याच कंपनीने सिनेमा दिला नाही.

त्या तडजोडीचा एक भाग मला पैशापेक्षा मोलाचा वाटतो. वेगळ्या कराराने निक्कात्सुला ‘कोरोशी नो राकुइन’ आणि ‘केंका एरेजी’ हे दोन सिनेमे तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या फिल्म सेंटरला द्यावे लागले. जे सिनेमे लायकीचे नाहीत म्हणून दिग्दर्शकाची नोकरी गेली, तेच सिनेमे राष्ट्रीय संग्रहात ठेवावे लागले. कंपनीच्या मालाला वारसा म्हणायला लावणारी ही माणसं कोण? तर तिकीट काढून सिनेमा बघणारी. पुढच्या सगळ्या संग्राहकांची नाळ मी त्या मोर्च्याशी जोडतो.

आता दुसऱ्या वळणाकडे. खऱ्या याकुझांचं काय चाललं होतं? १९६३ साली, म्हणजे निंक्यो सिनेमे सुरू झाले त्याच वर्षी, जपानी पोलिसांच्या मोजणीत टोळ्यांचे १,८४,००० सभासद होते. हा उच्चांक. जुगार, खंडणी, गोदीतल्या मजुरांची ठेकेदारी, करमणुकीचे धंदे. किमोनो घालून बर्फातून चालणारा त्यांच्यात कुणी नव्हता. नोबोरु आंदो हे शिबुया भागातल्या टोळीचे खरे प्रमुख. एका उद्योगपतीवरच्या गोळीबाराच्या प्रकरणात तुरुंगात गेले, १९६४ मध्ये टोळी विसर्जित केली आणि पुढच्याच वर्षी सिनेमात नट झाले. गालावरचा व्रण खरा होता, रंगभूषेचं काम वाचलं.

हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरातला कोझो मिनो हा असाच एक टोळीवाला. त्याने तुरुंगात आठवणी लिहून काढल्या. त्यांच्या आधारे कोइची इइबोशी या पत्रकाराने १९७२ पासून साप्ताहिकात लेखमाला चालवली. तोएईला त्यात सिनेमा दिसला. पटकथेसाठी गेले तेच काझुओ कासाहारा. मिनो सिनेमाला तयार नव्हता. बोलता बोलता निघालं की युद्धाच्या अखेरीस दोघेही ओताकेच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात होते. मग गप्पा सुरू झाल्या.

त्यातून १९७३ च्या जानेवारीत आलेला ‘जिंगि नाकि ताताकाइ’. नावाचा अर्थ, इमान नसलेल्या लढाया. दिग्दर्शक किंजी फुकासाकु. युद्ध संपलं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, शस्त्रांच्या कारखान्यात कामाला लावलेले. बाँबहल्ल्यानंतर मित्रांची प्रेतं उचलायचं काम या मुलांनाच करावं लागलं होतं. त्यांचा सिनेमा हिरोशिमावरच्या अणुबाँबच्या ढगाच्या छायाचित्राने सुरू होतो आणि लगेच कुरेच्या काळ्या बाजारात शिरतो. कॅमेरा हातात, तो धावतो, पडतो, माणसं पुरती दिसतही नाहीत. कुणी मेला की चित्र थिजतं आणि पडद्यावर त्याचं नाव आणि मृत्यूची तारीख येते. इथला म्हातारा प्रमुख शब्दाला जागत नाही, तो रडून-भेकून पोरांना मरायला पाठवतो आणि पैसे मोजतो. मारणारे देखणे नाहीत, त्यांचे हात थरथरतात. नायक बुंता सुगावारा शेवटी मित्राच्या अंत्यविधीला जातो आणि तिथे मांडलेल्या वेदीवर गोळ्या झाडतो. दीड वर्षाच्या आत मालिकेचे पाच भाग आले आणि प्रेक्षकांना आता जुने निंक्यो सिनेमे खोटे वाटू लागले.

मला यात नेहमी गंमत वाटते ती ही, की निंक्यो सिनेमाचं शिखर ज्याने लिहिलं त्याच माणसाने त्याची कबर खणली. संग्राहकाच्या कपाटात हे दोन सिनेमे शेजारी-शेजारी असावेत.

आता हे सगळं कपाटापर्यंत आलं कसं? आधी कागद. जपानी सिनेमाचं नेहमीचं पोस्टर साधारण ५१ सेंटिमीटर रुंद आणि ७३ सेंटिमीटर उंच. ते विकायला नसे. थिएटरवाले ते न्हाणीघरांत, केशकर्तनालयांत, किराणा दुकानांत लावायला देत आणि मोबदल्यात दुकानदाराला सिनेमाचे पास मिळत. पंधरवडा झाला की त्यावरच दुसरं चिकटवलं जाई. वाचली ती थिएटरच्या मागच्या खोलीत न उघडलेल्या गठ्ठ्यात राहिलेली. याकुझा सिनेमांची पोस्टरं बघण्यासारखी असतात: नटांचे खास काढलेले फोटो कापून एकावर एक रचलेले, मध्ये उघडी पाठ आणि गोंदण, आडव्या-उभ्या तलवारी आणि सगळ्यावर कुंचल्याने फटकारलेली लाल किंवा काळी अक्षरं. ते गोंदण अर्थातच रंगवलेलं. चित्रीकरणाच्या दिवशी नटाला तासन्‌तास उघडं बसवून पाठ रंगवावी लागे. तोक्योच्या जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या वस्तीत यागुची शोतेनसारखी १९१८ पासूनची दुकानं आहेत. सिनेमा आणि नाटकाचा जुना कागद शोधणाऱ्याचे पाय आपोआप तिकडे वळतात.

सिनेमे मिळणं याहून अवघड होतं. पाश्चात्त्य वाचकांना या प्रकाराची ओळख करून दिली ती पॉल श्रेडर यांनी १९७४ साली ‘फिल्म कॉमेंट’ मासिकातल्या दीर्घ लेखाने. त्याच वर्षी त्यांच्या पटकथेवरचा, ताकाकुरा आणि रॉबर्ट मिचम यांचा हॉलिवूडपटही आला. पण लेख वाचून सिनेमे बघावेत तर ते होते कुठे? पुढची कित्येक वर्षं हौशी लोक टेपवरून टेपवर उतरवलेल्या, उपशीर्षकं नसलेल्या प्रतींवर भागवत. त्यात एकेका सिनेमाला इंग्रजीत तीन-तीन नावं, त्यामुळे एकच सिनेमा दोनदा घेतल्याचं घरी आल्यावर कळे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने सुझुकींचे ‘तोक्यो नागारेमोनो’ आणि ‘कोरोशी नो राकुइन’ डीव्हीडीवर आणले. त्याच वर्षी जिम जार्मुशने ‘घोस्ट डॉग’मध्ये नळाच्या पाइपातून गोळी झाडण्याची सुझुकींची युक्ती उघडपणे उचलली. २००३ मध्ये ‘किल बिल’ आला आणि तरुण पोरं जुन्या याकुझा सिनेमांकडे वळली. त्यातली तोमोयासु होतेइ यांची गाजलेली धून १९७३ च्या सिनेमातली आहे असं अनेकांना वाटतं. ती २००० साली निघालेल्या नव्या आवृत्तीतली आहे. संग्राहकाला ही दुरुस्ती करताना होणारा आनंद तुम्ही पाहायला हवा.

फुकासाकुंच्या पाच भागांचा अमेरिकेतला डीव्हीडी संच २००४ मध्ये निघाला, ते स्वतः जानेवारी २००३ मध्ये गेल्यानंतर. २०१५ मध्ये ब्रिटनच्या ॲरो कंपनीने जाडजूड पुस्तकासह अडीच हजार संच काढले आणि ते संपले. मिशिमांनी वाखाणलेला ‘सोचो तोबाकु’ इंग्रजी उपशीर्षकांसह ब्लू-रेवर यायला २०२० नंतरचा काळ उजाडावा लागला. रेडियन्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने तो काढला. खोक्याभोवती जपानी पुस्तकांना असते तशी कागदाची पट्टी. तिला ‘ओबी’ म्हणतात, किमोनोच्या कमरपट्ट्यावरून. ही पट्टी हरवली की वस्तूची किंमत उतरते. वाचणाऱ्याला, बघणाऱ्याला त्या पट्टीचा काडीचा उपयोग नाही. मी हसत नाही, पण हे सांगायला हवं.

मालिका पुरी करण्याची खोड हा या हौसेचा एक भाग आहेच. १८ पैकी १७ असणं हे एकही नसण्यापेक्षा वाईट, असं त्यातला दर्दी म्हणेल. पण तेवढंच असतं तर लोक काडेपेट्याही जमवतात. मला वाटतं, खरी ओढ कथेतच आहे. निंक्यो सिनेमातला नायक मोडीत निघालेल्या रिवाजाशी इमान राखतो. जग सूट घालून पुढे गेलेलं असतं आणि हा अजून साकेचा पेला दोन्ही हातांनी धरतो. सगळ्यांनी टाकून दिलेलं जपणाऱ्या माणसाला असा नायक आपला वाटला तर नवल नाही.

इथेच एक धोका आहे आणि तो या हौसेत पुरेसा बोलला जात नाही. जुझो इतामी यांनी १९९२ च्या मे महिन्यात ‘मिन्बो नो ओन्ना’ हा सिनेमा आणला. त्यात याकुझा म्हणजे हॉटेलवाल्यांना दमदाटी करणारे, कायदा दाखवला की शेपूट घालणारे भुरटे. प्रदर्शनाला आठवडाही झाला नव्हता, एका टोळीच्या माणसांनी इतामींना घराजवळ गाठून चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. त्याच वर्षी मार्चमध्ये टोळ्यांविरुद्धचा नवा कायदा लागू झाला होता. ज्या सिनेमांत गुंड देखणा मरतो ते सिनेमे टोळ्यांना कधी खुपले नाहीत. ज्यात तो हास्यास्पद दिसतो तो खुपला. देखण्या पोस्टरांनी भिंत भरवताना इतामींचे टाके आठवलेले बरे. ज्याच्या संग्रहात ताकाकुरा आहे आणि इतामी नाही, त्याचा संग्रह मी तरी अपुरा मानीन, मग १८ पैकी १८ का असेनात.

टोळ्या आता ओसरल्या आहेत. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत त्यांच्याशी व्यवहार करण्यावर बंदी आणणारे नियम झाले. २०२३ च्या अखेरीस पोलिसांच्या मोजणीत २०,४०० माणसं उरली होती. शिंजुकुतलं शोवाकान, जिथे जुने याकुझा सिनेमे आलटून-पालटून लागत, २००२ मध्येच बंद झालं. ताकाकुरा आणि सुगावारा २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच महिन्यात गेले, सुझुकी २०१७ मध्ये.

एक गोष्ट राहिली. या सगळ्या नायकांचा पूर्वज कुनिसादा चुजी, एकोणिसाव्या शतकातला खरा जुगारी. त्याच्यावर दाइसुके इतो यांनी १९२७ मध्ये ‘चुजी ताबी निक्की’ हा तीन भागांचा मूकपट काढला. जपानच्या जुन्या समीक्षकांनी तो वर्षानुवर्षं डोक्यावर घेतला, पण नंतरच्या पिढ्यांना तो बघायला मिळाला नाही, कारण एकही प्रत उरली नव्हती. मूकपटांची रिळं भूकंपात, युद्धात, निष्काळजीपणात गेली. काहींचे तर तुकडे करून मुलांच्या खेळण्यातल्या प्रोजेक्टरसाठी विकले गेले. १९९१ च्या अखेरीस हिरोशिमा भागातल्या एका घरात काही रिळं निघाली. दुसऱ्या भागाचा थोडा अंश आणि तिसऱ्या भागाचा बराचसा. कुणीतरी ती ठेवून दिली होती. फिल्म सेंटरने ती दुरुस्त केली आणि आता ती दाखवली जातात. आजारी, हात लुळा पडलेला, माणसं पारखी झालेला चुजी आपल्याला दिसतो. तरुण, दणकट चुजीचा पहिला भाग अजून कुठल्या माळ्यावर असला तर असेल.